कोर्लई : गड, खाडी आणि एक जुनी बोली

कोर्लई हे गाव रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यात, कुंडलिका नदी समुद्राला मिळते तिथे वसले आहे. अलिबागहून ते सुमारे २२ किलोमीटरवर. मुंबईकरांना गेटवेहून बोटीने मांडव्याला उतरून, अलिबाग-रेवदंडामार्गे साळावचा पूल ओलांडून येता येते. शनिवार-रविवारच्या सहलीला एवढे अंतर बेताचे आहे.

गावापुढे समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. तिन्ही बाजूंना पाणी असल्याने चौल बंदरात शिरणारे प्रत्येक गलबत इथून नजरेच्या टप्प्यात येई. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हा डोंगर अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. किनाऱ्यालगतचा रस्ता दीपगृहापाशी जातो, तिथून पायऱ्यांची वाट वर चढते. गड लांबट आणि चिंचोळा, आडव्या भिंतींनी भाग पाडलेला. त्यात छप्पर नसलेले पोर्तुगीज चर्च आहे आणि महादेवाचे देऊळही. उत्तरेकडच्या तटावरून खाडीपलीकडचा रेवदंडा दिसतो.

मात्र कोर्लईचे खरे वैभव गावात आहे. इथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून तयार झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. बोलणारे हजाराच्या आसपास. १७४० नंतर पोर्तुगीज सत्तेशी संबंध तुटला, तरी बोली टिकली. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. वसई-मुंबईकडच्या अशा बोली केव्हाच लोपल्या. म्हणून भाषेच्या अभ्यासकांना या लहानशा गावाचे मोल फार मोठे वाटते. मुलांची शाळा मराठीत होते, त्यामुळे पुढच्या पिढीत ही बोली किती उरेल ही काळजी खरी आहे.

बाकी दिनक्रम मासेमारीचा. होड्या आल्या की मासळीची निवड चालते, आणि उन्हात बोंबील, जवळा वाळत पडतो. वाळवणावरून चालू नये आणि विचारल्याशिवाय माणसांचे फोटो काढू नयेत, एवढे पथ्य पाहुण्यांनी पाळायलाच हवे.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते आणि गडाच्या पायऱ्या निसरड्या होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. गडावर सावली फारशी नसल्याने सकाळीच चढावे आणि पाणी सोबत ठेवावे. दुसरा दिवस हाताशी असेल तर दक्षिणेला काशीदचा किनारा आणि त्याही पुढे मुरूड-जंजिरा याच रस्त्यावर आहेत.