तुषार संचाचा दाब कमी? नवी मोटार घ्यायच्या आधी हे बघा



धान निघालं, बांधीत हरभरा उभा आहे. ऐन फुलात तुषार टाळायचा असतो, म्हणून फुलाआधीची पाळी सारखी पडायलाच हवी. पण पहिले नोझल जोरात फिरतात, शेवटचे नुसते गळतात. मग विचार येतो, मोटार मोठी घ्यावी का? जरा थांबा.

आधी धुऱ्यावर उभं राहून बघा. थेंब जाड, पाणी कड्यासारखं गोल पडतं आणि मधली जागा कोरडी, तर दाब कमी. धुक्यासारखं वाऱ्यावर उडून जातं, तर दाब जास्त. नोझलला साधारण 2 ते 2.5 किलो दाब लागतो.

एकच नोझल मंद असेल तर त्यात खडा अडकला असेल. लोखंडी तारेनं टोकरू नका, भोक मोठं होतं. बारीक काडी वापरा.

शेवटचेच मंद असतील तर दोष पाइपात. कपलरची रबर रिंग आणि उंदरानं कुरतडलेली जागा तपासा. टोकाची टोपी काढून दोन मिनिटं पाणी सोडा, गाळ निघून जाईल.

सगळेच मंद? मग मोटारीकडे या. पाणी बोडीचं किंवा तलावाचं असेल तर फुटव्हॉल्व्हला शेवाळ धरतं, फिल्टरची जाळीही बुजते. विहिरीचं पाणी 10 मीटर खाली गेलं की जवळपास 1 किलो दाब तिथंच गेला. डीपीवर काम झाल्यावर थ्री फेज मोटार कधी उलटी फिरते. पाणी येतं, पण मरतुकडं. हे वायरमनकडूनच तपासून घ्या, स्वतः हात घालू नका. सौर पंपवाल्यांनी सकाळी आणि भर दुपारी सारखेच नोझल लावू नयेत, सकाळी कमी लावा.

एवढं करूनही फरक नाही, तर नोझल मोजा. उघड्या पाइपातून धो धो पडणारं पाणी बघून आपण फसतो. दाबावर तीच मोटार कमी पाणी देते. दोन नोझल काढून तिथं बूच लावा. शेवटचा जोरात फिरू लागला, तर मोटार चांगली आहे, नोझल जास्त झाले होते. पाइप एखाद्या वेळा जास्त हलवावे लागतील, पण मोटारीचे पैसे वाचले.

खात्री करायची असेल तर पहिल्या आणि शेवटच्या नोझलला रबरी नळी लावून एकच बादली भरा, मोबाइलवर वेळ बघा. दहाव्या हिश्शापेक्षा जास्त फरक नको.

तरी जमलं नाही तर मोटारीचा एचपी, पाइपाची जाडी, नोझलची संख्या आणि चालू संचाचा छोटा व्हिडिओ ग्रुपवर टाका.