दातांच्या डॉक्टरकीला मागचं शिक्षण किती कामाला येतं?

आज हप्ते आणि व्याज बाजूला ठेवूया. आज बोलायचंय ते मुलींच्या शिक्षणाबद्दल. बारावी सायन्स केलेली आपली बरीच चेडवां आता बीडीएसला, म्हणजे दातांच्या डॉक्टरकीला जायचं म्हणतात. तेव्हा आयांचा पहिला प्रश्न असतो, "मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला ते झेपेल का?"

मागच्या शिक्षणाचा परिणाम होतो, हे खरं आहे. पण तो सगळीकडे सारखा होत नाही.

आपली मुलं हुशारीत कमी नाहीत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी कोकण बोर्ड २०१२ मध्ये वेगळं झालं, तेव्हापासून दहावीच्या निकालात ते राज्यात पुढेच राहिलंय. पण दहावीला ३५ गुणांवर पास होतात, बीडीएसला ५० टक्के लागतात.

प्रवेशासाठी नीट द्यावी लागते. त्यात १८० प्रश्न, ७२० गुण आणि त्यातले निम्मे जीवशास्त्राचे. ही परीक्षा मराठीतूनही देता येते. चार पर्यायांतला बरोबर निवडला की झालं. कॉलेजात मात्र शिकवणं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत. उत्तर आपल्या शब्दांत लिहायचं, शिवाय तोंडी परीक्षा. मुलीला उत्तर ठाऊक असतं, पण वाक्य जुळत नाही आणि ती गप्प बसते. समोरच्याला वाटतं, हिला येतच नाही.

पहिल्या वर्षी शरीररचना, शरीराचं काम, जीवरसायन आणि दातांची रचना हे विषय असतात. हे सगळं अकरावी-बारावीच्या पायावर उभं आहे. ज्या मुलीने तेव्हा समजून अभ्यास केला, तिला पहिलं वर्ष सोपं जातं. जिने नुसतं पाठ केलं, तिची दमछाक होते. म्हणजे मागच्या शिक्षणाचा सगळ्यात जास्त परिणाम दिसतो तो इथे, सुरुवातीला.

आता दुसरी बाजू बघा. दाताचं काम हाताचं आहे. मुलांना मेणाच्या ठोकळ्यातून हुबेहूब दात कोरायला लावतात. कॅनडात तर पूर्वी प्रवेश परीक्षेतच साबणाची वडी कोरायला देत. हे आपल्या बारावीत कोणी शिकवत नाही. त्यामुळे शहरातली आणि गावातली मुलगी इथे एकाच ओळीत उभी राहते. जी रोज सराव करते, तिचा हात बसतो.

तिसऱ्या वर्षापासून पेशंट समोर येतात. मालवणची म्हातारी येऊन म्हणते, "बाय, दाढ ठणकता गो!" कधीपासून, थंड लागतं की गरम, रात्री झोप लागते का, हे तिच्या बोलीत विचारून घेणारी मुलगी दुखण्याच्या मुळाशी लवकर पोचते. तिथे आपली बोली कामाला येते.

मग आपण काय करायचं? घाबरून मुलीचं माध्यम मध्येच बदलू नका. विषय आपल्या भाषेत पक्का समजला असेल, तर इंग्रजी शब्द नंतर शिकता येतात. आठवी-नववीपासून विज्ञानाचे इंग्रजी शब्द वहीत लिहायची सवय लावा. आकृती काढून नावं द्यायला लावा. अकरावीपासून शिकलेला धडा रोज पाच मिनिटं मोठ्याने, इंग्रजीत, सांगायला लावा. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी समोर बसा. तिला ऐकणारं माणूस हवं असतं.

आणि एक महत्त्वाचं. पहिल्या वर्षी एखादा विषय राहिला, की घरात लगेच सुरू होतं, "आता पुरे, लग्न करून टाकूया." ती परीक्षा पुन्हा देता येते. चार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, एवढ्या लांबच्या वाटेवरचा हा पहिला चढ आहे. तेवढ्यावरून मुलीला परत आणू नका.

पैशाची चिंता असेल, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची चौकशी करा. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून व्हायला हवा. दाखले आधीच काढून ठेवा.

पुढच्या बैठकीत आपल्या गटातल्या किती मुली सायन्सला आहेत, त्यांची यादी करा. एकीची ताई दुसरीला शिकवू शकते. येते मी, नमस्कार!