विश्लेषण : राजकीय मते पटत नसलेल्या माणसाशी भांडण न होता बोलता येते का? दहा मिनिटांच्या गप्पांचे संशोधन काय सांगते?

निवडणूक जवळ आली की कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'शुभ सकाळ'सोबत व्हिडिओ आणि पोस्टर फिरू लागतात. एखादा काका नेत्याचे भाषण टाकतो, पुतणी त्याला 'फॅक्ट चेक'ची लिंक चिकटवते, तिसरा कुणीतरी हसण्याची इमोजी टाकतो. दोन दिवसांत एक जण ग्रुप सोडतो आणि ॲडमिन 'कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत' असे जाहीर करतो. वाद थांबतो, पण बोलणेही थांबते. दिवाळीला एका पंगतीत बसलेली माणसे मग हवापाण्यापलीकडे विषय काढत नाहीत. विरुद्ध मताच्या माणसाशी बोलून काही साध्य होते का, याची प्रत्यक्ष चाचणी अमेरिकेत झाली आहे. त्यातून काय समोर आले, जाणून घेऊ.

सुरुवात कुठून झाली?

नोव्हेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणारा 'प्रपोझिशन ८' हा प्रस्ताव सुमारे ५२ टक्के मतांनी मंजूर झाला. या पराभवानंतर लॉस एंजेलिसमधील एलजीबीटी सेंटरचे कार्यकर्ते विरोधात मत देणाऱ्यांच्याच दारात गेले. तुम्ही असे मत का दिले, हे त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकून घेतले. अशा असंख्य भेटींतून एक पद्धत तयार झाली. तिला 'डीप कॅनव्हासिंग' म्हणतात. नेहमीच्या प्रचारात कार्यकर्ता पत्रक देऊन अर्ध्या मिनिटात पुढच्या दाराकडे वळतो. इथे तो साधारण दहा मिनिटे थांबतो आणि बहुतांश वेळ समोरच्याला बोलू देतो.

पहिला अभ्यास मागे का घ्यावा लागला?

डिसेंबर २०१४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात या पद्धतीवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका छोट्या संवादाने मत बदलते आणि बदललेले मत टिकते, असा त्याचा दावा होता. जगभर बातम्या झाल्या. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला हे दोन तरुण संशोधक तसाच प्रयोग करायला निघाले, तेव्हा त्यांना आकड्यांत विसंगती दिसली. ज्या कंपनीने सर्वेक्षण केल्याचे म्हटले होते, तिला त्या प्रकल्पाची माहितीच नव्हती. मे २०१५ मध्ये हा अभ्यास मागे घेण्यात आला.

मग या पद्धतीत तथ्य आहे का?

ज्यांनी गडबड उघड केली, त्याच दोघांनी स्वतःचा प्रयोग पूर्ण केला. ठिकाण होते मायामी आणि विषय होता ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह. ५६ कार्यकर्ते घरोघरी गेले आणि ५०१ मतदारांशी बोलले. तुलनेसाठी काही मतदारांशी फक्त कचऱ्याच्या पुनर्वापरावर चर्चा केली गेली. २०१६ मध्ये निष्कर्ष आले. दहा मिनिटांच्या संवादाने पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. कार्यकर्ता स्वतः ट्रान्सजेंडर असो वा नसो, परिणाम दिसला.

नेमके काय काम करते?

याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले. याच दोघांनी तीन प्रयोगांत सात ठिकाणी ६,८६९ मतदारांशी झालेले संवाद तपासले. स्थलांतरितांच्या प्रश्नावर काही मतदारांपुढे फक्त युक्तिवाद मांडले गेले. त्यांच्या मतांवर परिणाम दिसला नाही. ज्या संवादांत युक्तिवादाच्या जोडीला दोन्ही बाजूंनी स्वतःचे अनुभव सांगितले आणि कुणी कुणाला चूक ठरवले नाही, तिथे परिणाम दिसला आणि किमान चार महिने टिकला.

कारण समजायला सोपे आहे. 'तुमची माहिती चुकीची आहे' हे वाक्य ऐकणाऱ्याला 'तुम्ही मूर्ख आहात' असे ऐकू येते. मग तो मुद्द्याचा विचार सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. ग्रुपवर तर पन्नास नातेवाईक बघत असतात. तिथे माघार घेणे म्हणजे सर्वांसमोर हरणे. अनुभवाचे तसे नसते. 'माझ्यासोबत असे झाले' या वाक्याला खोडून काढण्यासारखे फारसे काही नसते.

घरच्या चर्चेत हे कसे वापरायचे?

एक उदाहरण घेऊ. राज्य सरकारने २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आणली. पात्र महिलांच्या बँक खात्यात दरमहा १,५०० रुपये जमा होऊ लागले. समजा, काका म्हणतात, 'फुकटचे पैसे वाटून राज्य कर्जात घालताहेत.' पुतणीला योजना योग्य वाटते. लगेच आकडेवारी पुढे करण्याऐवजी ती पुढील गोष्टी करू शकते.

• ग्रुपवर उत्तर न देता फोन करणे किंवा भेटणे. दोघांतच बोलणे असले की मत बदलायला लाज वाटत नाही.

• 'काका, यात तुम्हाला सर्वात जास्त काय खटकते?' असे विचारणे. कदाचित उत्तर येईल, 'आयुष्यभर कर भरला, हप्ते फेडले, आम्हाला कुणी काय दिले?' खरी बोच कर्जाच्या आकड्यात नसून इथे असू शकते.

• ऐकलेले आपल्या शब्दांत सांगणे. 'म्हणजे प्रामाणिकपणे कर भरणाऱ्याची कुणी दखल घेत नाही, असे तुम्हाला वाटते ना?'

• जिथे पटते, तिथे तसे कबूल करणे. राज्यावरचे कर्ज हा खरा प्रश्न आहे, हे मान्य केल्याने तिची बाजू पडत नाही.

• मग स्वतःचा अनुभव सांगणे. स्वतःच्या खात्यात पहिल्यांदाच पैसे आलेली एखादी बाई तिच्या ओळखीत असेल, तर त्या बाईने त्याचे काय केले, हे सांगता येते. आणि 'तुमच्या अडचणीच्या काळात कधी कुणी हात दिला होता का?' हेही विचारता येते.

काकांनाही हेच लागू होते. पुतणीला 'तुम्हा आजकालच्या पोरांना काय कळते' असे सुनावण्याआधी, तिला ही योजना का महत्त्वाची वाटते, हे त्यांनी विचारून पाहावे.

हार्वर्ड विद्यापीठातील ज्युलिया मिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधनही याला पूरक आहे. आपले म्हणणे 'मला वाटते', 'काही वेळा' अशा शब्दांत मांडणे, जिथे एकमत आहे ते बोलून दाखवणे आणि समोरच्याचे म्हणणे समजल्याचे सांगणे, या सवयींमुळे समोरचा पुढेही बोलायला तयार राहतो, असे त्यांना आढळले.

याच्या मर्यादा काय?

पहिली मर्यादा, परिणाम लहान आहे. २०२० च्या अभ्यासात बहुतेक लोकांची मते जागची हलली नाहीत. थोड्यांची थोडी बदलली. दुसरी, हे प्रयोग अमेरिकेतील आहेत आणि विषय वंचित गटांविषयीच्या पूर्वग्रहाचे होते. एखाद्याचा पक्ष बदलवणे ही वेगळी गोष्ट आहे. तिसरी, मोजमाप समोरच्या मतदाराचे झाले. पण मनापासून ऐकणाऱ्याला आपलेही मत तपासावे लागू शकते, त्याची तयारी हवी. आणि कुणी शिवीगाळ किंवा धमकी देत असेल, तर संवाद थांबवणेच योग्य.

पुतणीशी बोलल्यानंतरही काका कदाचित आधीच ठरवलेल्या उमेदवारालाच मत देतील. तरी पुढचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी 'हे खरे आहे का गं?' असे तिला विचारायला त्यांनी फोन केला, तर ती दहा मिनिटे कामी आली.