केशवाहिन्यांची गळती : ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

शरीरातील सर्वांत सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आपण केशवाहिन्या म्हणतो. त्यांच्या भिंतींतून पाणी व क्षार ये-जा करतात. अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिने मात्र बहुतांशी आतच राहतात आणि रक्तातील पाणी धरून ठेवतात. या भिंती सैल झाल्या की प्रथिने व पाणी ऊतींमध्ये झिरपते. अंगावर सूज चढते, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरतो.

अशी गळती वारंवार होणाऱ्या एका स्त्रीचे वर्णन डॉ. बेयर्ड क्लार्कसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली न्यूयॉर्कहून प्रसिद्ध केले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा हा विकार अत्यंत दुर्मिळ असून बालकांत तर विरळाच. मुलांमध्ये पुष्कळदा एखाद्या साध्या विषाणुसंसर्गाचे निमित्त होऊन झटका येतो. शिरेतून नियमित इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास पुढील झटके बऱ्याच प्रमाणात टळतात.

मग बीदर-कलबुर्गीच्या वाचकांनी हा विषय का जाणून घ्यावा? कारण याच स्वरूपाची गळती आपल्याकडे डेंग्यूत दिसते. कर्नाटक शासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये डेंग्यूला साथरोग म्हणून अधिसूचित केले. उन्हाळ्यात हौद, पिंपे, रांजण भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांत एडिस डासाला आयतेच घर मिळते.

डेंग्यूतील गळती बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान, ताप उतरू लागताना सुरू होते व २४ ते ४८ तास टिकते. घरची मंडळी निश्चिंत होतात, नेमकी तेव्हाच. पालक मला प्लेटलेटचा आकडा विचारतात. मी आधी हिमॅटोक्रिट पाहतो. तो ३५ वरून ४२ झाला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढला, तर द्रव बाहेर झिरपत आहे असे समजावे. रक्तदाब १००/८० हा आकडा वरकरणी बरा दिसतो. पण दोहोंतील अंतर २० वर आले आहे, हे धोक्याचे चिन्ह होय. पोटदुखी, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, थंड हातपाय, सुस्ती अथवा कमी लघवी दिसताच मुलाला रुग्णालयात न्यावे. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नये.

सलाइन मोजूनमापून द्यावे लागते. गळती थांबल्यावर झिरपलेले पाणी रक्तात परतते. त्या वेळीही सलाइन चालूच राहिले तर फुप्फुसांत पाणी साचते. क्लार्कसनच्या विकारातही हाच धोका असतो.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. एखाद्या मुलाला ‘पुन्हा डेंग्यू’ झाल्याचे सांगितले जाते, पण डेंग्यूच्या चाचण्या नकारार्थी येतात, हिमॅटोक्रिट वाढलेला, अल्ब्युमिन व रक्तदाब घटलेला असतो आणि जंतुदोषादी इतर कारण सापडत नाही. अशा वेळी या दुर्मिळ विकाराचे स्मरण ठेवावे. मागील प्रत्येक झटक्याचे कागद एकत्र मांडून पाहिल्यास निदानाची वाट तेथेच सापडू शकते. म्हणून पालकांनीही जुने रिपोर्ट टाकून न देता जपून ठेवावेत.