देवमाशाच्या घरी पाहुणे

निवृत्त माणसाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पेन्शन किती बसली, आणि आता वेळ कसा जातो? दुसऱ्या प्रश्नाचं एक आगळं उत्तर मला २०२३ च्या फेब्रुवारीत मिळालं, तेही मेक्सिकोच्या किनाऱ्यावर.

माझा मुलगा अमेरिकेत सॅन दिएगोला असतो. त्याच्या शेजारी सत्तरीकडे झुकलेलं एक जोडपं राहतं. ते इंजिनिअर, त्या शाळेत शिक्षिका, दोघंही निवृत्त. हिवाळ्यात त्यांचं घर म्हणजे अडतीस फुटांची एक शिडाची बोट. आम्हा दोघांना त्यांनी तीन आठवड्यांसाठी बोटीवर बोलावलं. आमची ही म्हणाली, "अहो, मला एस.टी. लागते, बोट कशी सोसेल?" पण आलेपाकाची पुडी बरोबर घेऊन आली.

मेक्सिकोचा मुख्य भूभाग आणि बाहा कॅलिफोर्निया नावाचा लांबलचक द्वीपकल्प यांच्यामध्ये समुद्राची एक हजार किलोमीटरहून लांब चिंचोळी पट्टी आहे. तिला कॉर्टेझचा समुद्र म्हणतात. त्या बाजूला चक्रीवादळांचा मोसम मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो. तो सरत आला की आमच्या यजमानांसारखी कितीतरी जोडपी आपापल्या बोटी घेऊन दक्षिणेकडे निघतात. त्यांना जायची घाई नसते. शिडाच्या बोटीचा वेग ताशी आठ-नऊ किलोमीटर, म्हणजे सावकाश चाललेल्या सायकलपेक्षाही कमी. पण माणूस सावकाश गेला की त्याला जास्त दिसतं, हे मला तिथे समजलं.

दिसण्यासारखं तिथे इतकं का आहे? हिवाळ्यात उत्तरेचा वारा वाहतो आणि पृष्ठभागावरचं पाणी लोटून नेतो. त्याच्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. ते पोषक द्रव्यांनी भरलेलं असतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर बारीक जीव, त्यांवर मासे आणि माशांवर पक्षी, समुद्रसिंह, डॉल्फिन. थोडक्यात, वारा वाढपी आणि समुद्र पंगत!

आम्ही माझात्लान बंदरातून दुपारी निघालो आणि रात्रभर शीड सांभाळत सकाळी इसाबेल बेटाशी पोचलो. जेमतेम एक चौरस किलोमीटरचंही नसलेलं हे ज्वालामुखीचं बेट १९८० पासून राष्ट्रीय उद्यान आहे. नांगर टाकल्यावर छोट्या होडीत बसण्याआधी यजमानीणबाईंनी आमच्या पिशव्या उलट्या करून झटकायला लावल्या. चुकून एखादं बी, एखादा किडा बेटावर जाऊ नये म्हणून. माणसांबरोबर आलेल्या मांजरांनी आणि उंदरांनी या बेटावर बरंच नुकसान केलं होतं. नव्वदच्या दशकात मांजरं काढली गेली, २००९ मध्ये उंदीरही संपवले. म्हणून पिशव्यांची ही झडती.

बेटावर पक्षी आपल्याला घाबरत नाहीत. बुटक्या झाडांवर, हाताच्या अंतरावर, फ्रिगेट पक्ष्यांचे नर गळ्याची लालभडक पिशवी फुग्यासारखी फुगवून बसलेले. या पक्ष्याची पिसं पाण्यात भिजतात. म्हणून जन्मभर समुद्रावर राहूनही तो पाण्यावर बसू शकत नाही. जमिनीवर निळ्या पायांचे बूबी पक्षी. नर एकेक पाऊल उचलून मादीला दाखवतो, जणू नवे जोडे आणलेत! तो निळा रंग म्हणजे नुसती शोभा नव्हे. तो टिकायला पोटात ताजे मासे जावे लागतात. दोन दिवस उपास घडला तरी रंग फिका पडतो. मादी पाय पाहते, म्हणजे खरं तर हा घर चालवील का ते पाहते. आमच्या हिने हे ऐकून माझ्या पायांकडे एकवार पाहिलं, बोलली काही नाही.

तिथून अडीच दिवसांनी आम्ही ला पाझला पोचलो. जवळच्या एस्पिरितू सांतो बेटाच्या उत्तर टोकाला काही खडक आहेत, त्यांवर समुद्रसिंहांची वसाहत आहे. उन्हाळ्यात, पिल्लं जन्मतात त्या दिवसांत, तिथे पोहायला बंदी असते. आम्ही गेलो तेव्हा मोकळीक होती. यजमानांनी पाण्यात उतरताना एकच सूचना दिली : "त्यांच्याकडे जाऊ नका. पाण्यात नुसते तरंगत राहा." दहा मिनिटांत दोन वासरासारखी पोरं आली आणि माझ्या पायातलं रबरी वल्हं दातांनी ओढू लागली. मी पाठलाग केला असता, तर मला त्यांची शेपटीसुद्धा दिसली नसती.

सगळ्यात मोठा धडा पुढेच होता. बोट ला पाझला ठेवून आम्ही दिवसभर मोटारीने द्वीपकल्प ओलांडून पॅसिफिकच्या बाजूला, सान इग्नासिओच्या खाजणात गेलो. करड्या देवमाशांच्या माद्या आर्क्टिककडून हजारो किलोमीटर पोहत इथल्या शांत पाण्यात पिल्लं घालायला येतात. इथे देवमासे पाहायला स्वतःची बोट चालत नाही. परवाना असलेल्या स्थानिक कोळ्यांच्या होडीतूनच जायचं.

आपण याला देवमासा म्हणतो. एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी शिकारी याच प्राण्याला सैतान मासा म्हणत. ते या खाजणांत शिरून आधी पिल्लाला भाला मारत, म्हणजे आई लांब जात नसे. मग ती आई होड्या उधळून लावी. सैतान कोण होतं, ते आपणच ठरवावं. शिकारीमुळे ही जात संपत आली होती. विसाव्या शतकात तिला आंतरराष्ट्रीय संरक्षण मिळालं. तरी स्थानिक कोळी तिला भिऊन होते. १९७२ मध्ये पाचिको मायोराल या कोळ्याच्या होडीशी एक मादी येऊन थांबली. त्याने भीतभीत हात पुढे केला, तिने तो लावू दिला. तेव्हापासून तिथे भीती ओसरली. पुढे याच खाजणाकाठी मिठाचा प्रचंड कारखाना येणार होता. जगभरातून विरोध झाला आणि २००० मध्ये मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी तो बेत रद्द केला.

आमच्या होडीवाल्याने इंजिन अगदी मंद केलं आणि होडी तरंगत ठेवली. पाऊण तास काही नाही. मग शेजारी फुस्स आवाज झाला, तोंडावर खारट तुषार आले. एक आई होडीखालून गेली, आणि तिच्यामागून आलेल्या पिल्लाने आपलं डोकं हिच्या हाताखाली आणलं. ही रडत होती.

पण मंडळी, नुसत्या चांगल्या वागणुकीने सगळं निभत नाही. करडे देवमासे २०१६ मध्ये सुमारे २७ हजार होते. २०२५ च्या अंदाजात ते सुमारे १३ हजारच उरले. आर्क्टिकचा बर्फ आणि पाणी बदलतं आहे, तिथलं त्यांचं अन्न कमी होतं आहे, असं शास्त्रज्ञ सांगतात. कॉर्टेझच्या समुद्राच्या उत्तर टोकाला वाकिता नावाचा जेमतेम दीड मीटरचा डॉल्फिनसारखा प्राणी आहे. तो जगात दुसरीकडे कुठेच नाही. १९९७ मध्ये ते साडेपाचशेच्या वर होते, आता दहाच्या आसपास उरलेत. त्यांना कोणी मारत नाही. दुसऱ्या माशासाठी चोरून लावलेल्या जाळ्यांत ते गुदमरतात.

परतल्यावर आम्ही तारकर्लीला डॉल्फिन पाहायला गेलो. चार-पाच होड्या एका शेपटीमागे सुसाट धावत होत्या. मी म्हटलं, "दादा, जरा मशीन बंद करा ना." तो म्हणाला, "काका, मगे डॉल्फिन दिसाचे नाय." तरी त्याने पाच मिनिटं बंद केलं. बाकीचे प्रवासी कुरकुरायला लागले आणि होडी पुन्हा निघाली. दिसलं काहीच नाही. पण त्या पाच मिनिटांत मागे कुठेतरी फुस्स असा श्वासाचा आवाज आम्हा दोघांना ऐकू आला. मशीनच्या आवाजात तो ऐकू आला नसता.

पुढच्या वेळी तुम्ही जाल, तेव्हा होडीवाल्या दादाला पाच मिनिटं मागून बघा. दहा जणांनी मागितली, तर तो दहा मिनिटं देईल.