पाचवीचे नियम सहावीत मोडतात

सिल्वाशातल्या डोकमर्डीत कारखान्याच्या पाळीवरून परतलेल्या आईबापांशी शाळेचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. "पाचवीपर्यंत पैकीच्या पैकी आणायचा. सहावीत गेला आणि गणितात काय झालं कळेना." निदानही ठरलेलं असतं. मोबाइल वाढला, अभ्यास घटला, नाहीतर 'आमच्या घराण्यातच गणित नाही'. मुलाचा मेंदू मात्र पाचवीत होता तसाच शाबूत असतो. बदललेल्या असतात त्या संख्या.

पहिली ते पाचवी मूल मोजत-मांडत काही नियम आपल्या मनाशी पक्के करतं. गुणलं की वाढतं. भागलं की कमी होतं. जास्त अंकांची संख्या मोठी. लहानातून मोठं वजा जात नाही. पूर्ण संख्यांपुरते हे नियम बव्हंशी बरोबर असतात. सहावी ते आठवीत अपूर्णांक, दशांश आणि ऋण संख्या येतात आणि हे चारही नियम मोडतात. ते मोडले आहेत, हे मुलाला सहसा कुणी स्पष्ट सांगत नाही.

म्हणून ०.१२५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी असं लिहिणारं मूल 'ढ' नसतं. १२५ हे ५ पेक्षा मोठे, हा त्याचा जुना नियम ते प्रामाणिकपणे वापरत असतं. वहीवर फुली मारून तो नियम जात नाही. "हे कसं काढलंस?" एवढं विचारलं तर मूल आपला नियम बोलून दाखवतं, आणि मग ०.५ म्हणजे ०.५०० हे शेजारी लिहून दाखवता येतं.

भागाकाराचंही तसंच. ६ भागिले १/२ याचं उत्तर १२ येतं, सहापेक्षा मोठं, आणि मूल गोंधळतं. सहा लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरायचं तर पिशव्या किती, असं विचारा. तेच मूल क्षणात बारा म्हणेल. त्याऐवजी 'उलटवा आणि गुणा' एवढ्यावर धडा उरकतो. शिकवण्यातला हा सगळ्यात महागात पडणारा आळस आहे असं माझं मत आहे.

'ऋण गुणिले ऋण बरोबर धन, हे नुसतं पाठ करायचं असतं', हाही असाच एक समज. ते पाहून पटवता येतं. ३ × (−२) = −६, २ × (−२) = −४, १ × (−२) = −२, ० × (−२) = ०. पहिली संख्या एकेकानं उतरते तसं उत्तर दोन-दोननं चढत जातं. तर मग (−१) × (−२) किती? मुलं स्वतःच म्हणतात, दोन. ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज असं धरून हे नियम लिहून ठेवले. युरोपातले गणिती त्यानंतर हजार वर्षांनीही ऋण संख्यांकडे संशयानं पाहत होते. सहावीतल्या मुलाला आठवडाभर अडखळू द्यायला काय हरकत आहे?

'हे गणित पुढे कुठे लागतं?' असं आईवडीलच मुलांसमोर म्हणतात तेव्हा वाईट वाटतं. १८ टक्के जीएसटीसह पंखा ११८० रुपयांना मिळाला. यात कर किती? पुष्कळ जण ११८० चे १८ टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे सांगतात. खरा कर १८० रुपये. टक्के मूळ किमतीवर, म्हणजे हजारावर लागले आहेत. ११८० हे त्या किमतीचे ११८ टक्के आहेत. टक्के 'कशाचे' हा सातवीतला प्रश्न न सुटल्यानं मोठी माणसंही हप्त्याच्या आणि सवलतीच्या हिशेबात फसतात.

जागेचंही पाहा. कुंपण सारखं तर जागा सारखी, असा समज पक्का रुजलेला असतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. कुंपण १३२ फूट. आता ५० फूट लांब आणि १६ फूट रुंद पट्टा घ्या. कुंपण तेच १३२ फूट, जागा फक्त ८०० चौरस फूट.

'पाढे आले की गणित आलं' हे अर्धंच खरं. पाढे हवेतच, त्यांनी डोकं मोकळं राहतं. पण ८ + ४ = □ + ५ या चौकटीत पाढे पाठ असलेली मुलंही १२ लिहितात, कारण बरोबरचं चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिहा' अशी त्यांची समजूत झालेली असते. दोन्ही बाजूंची किंमत सारखी, म्हणून चौकटीत ७, हे उमगलं नाही तर पुढची सगळी समीकरणं अडतात.

सिल्वाशात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. इथं घरात वारली, धोडिया, कोकणा, भोजपुरी किंवा ओडिया आणि शाळेत मराठी, गुजराती, हिंदी किंवा इंग्रजी, असं चित्र सर्रास दिसतं. 'गणिताला भाषा लागत नाही' हे इथं तरी कुणी म्हणू नये. 'तिप्पट' आणि 'तीनने जास्त' यांतला फरक भाषेतच आहे. शाब्दिक उदाहरण अडलं तर ते आधी घरच्या बोलीत सांगून पाहावं. अडचण गणिताची की वाक्याची, ते तिथंच कळतं.

'मुलींना गणित जमत नाही' म्हणणाऱ्यांनी मंगला नारळीकरांचं काम पाहावं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित केलेल्या या बाईंनी मुलांसाठी 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिलं.

आणि 'घराण्यातच गणित नाही' म्हणाल, तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली जन्मले ते इथून जवळच्या डहाणूला. देवळालीत शाळामास्तरकी केली, गणितात पदव्युत्तर पदवीही नव्हती. १९४९ साली त्यांनी ६१७४ या संख्येची गंमत शोधली. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे तेवढे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७; मग ८७३० − ०३७८ = ८३५२; मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथं पोचताच. वजाबाकीत तीनच अंक उरले तर पुढं शून्य लावून चार करायचे.

वजाबाकी तिसरीतली आहे. पण या सगळ्या उत्तरांना ९ नं भाग का जातो, हे आठवीतल्या अक्षरांशिवाय सांगता येत नाही. उतरत्या क्रमाचे अंक अ, ब, क, ड धरा. वजाबाकी येते ९९९(अ − ड) + ९०(ब − क). दोन्ही पदांना ९ नं भाग जातो. कुठलीही संख्या घ्या, पुन्हा तपासायची गरज नाही.