अभिनंदनाचा ठराव : अर्थ, मर्यादा व उपयोग

लोकनियुक्त सभा आपले मत किंवा निर्णय ज्या रूपाने नोंदविते, त्यास ठराव म्हणतात. ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत ठराव होतात. परंतु सर्वांचे बळ सारखे नसते. काहींमागे कायद्याचे बळ असते. उदाहरणार्थ, राज्यातील विधानपरिषद स्थापन किंवा रद्द करण्याचा कायदा संसदेस करावयाचा झाल्यास, संविधानाच्या अनुच्छेद १६९ प्रमाणे प्रथम त्या राज्याच्या विधानसभेचा विशेष बहुमताचा ठराव लागतो. अभिनंदनाच्या ठरावाचे तसे नाही. त्याने कोणास हक्क मिळत नाही, कोणावर बंधन येत नाही आणि तिजोरीतून एक पैही खर्च होत नाही. जनतेच्या वतीने सभेने व्यक्त केलेला तो आदर होय.

सन्मान व खर्च यांतील हा भेद २०२४ साली स्पष्ट दिसून आला. २९ जून रोजी बार्बाडोस येथे भारतीय संघाने दक्षिण आफ्रिकेस ७ धावांनी हरवून ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला. १ जुलै रोजी लोकसभेत अध्यक्ष ओम बिर्ला यांनी सभागृहाच्या वतीने संघाचे अभिनंदन केले. ५ जुलै रोजी मुंबईच्या विधानभवनातील मध्यवर्ती सभागृहात रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे व यशस्वी जयस्वाल यांचा सत्कार झाला. त्या वेळी मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी संघास ११ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले, आणि मतभेद उत्पन्न झाला. क्रिकेट नियामक मंडळाने संघास १२५ कोटी रुपये जाहीर केले असता शासकीय तिजोरीतून आणखी रक्कम कशासाठी, असा प्रश्न विरोधी पक्षांच्या नेत्यांनी केला. वाद अभिनंदनाचा नव्हता, खर्चाचा होता.

गौरव केवळ क्रिकेटचाच व्हावा असे नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ विजयी झाले. त्यांचे कर्णधार प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. धान कापल्यावर मोकळ्या झालेल्या बांधीत खो-खो खेळणाऱ्या भंडारा जिल्ह्यातील मुलांना हा खेळ परका नाही.

गावातील शाळेचा संघ तालुक्याच्या स्पर्धेत विजयी झाल्यास ग्रामसभेने किंवा ग्रामपंचायतीने अभिनंदनाचा ठराव करणे उचित होय. मुख्याध्यापकांनी त्याचा मजकूर आधीच लिहून सरपंचांकडे द्यावा. त्यात स्पर्धेचे नाव, स्थळ, दिनांक व निकाल असावा. राखीव खेळाडूंसह प्रत्येकाचे पूर्ण नाव घालावे. ‘व इतर’ असे लिहून कोणास वगळू नये. ज्या मुलीचे नाव गावाच्या दप्तरात प्रथमच चढावयाचे, तिला ‘इतर’ म्हणणे अन्यायाचे होय. नमुना असा :

‘मोहाडी तालुका स्तरावरील खो-खो स्पर्धेत प्रथम क्रमांक मिळविल्याबद्दल आपल्या शाळेच्या पुढील खेळाडूंचे ही सभा मनःपूर्वक अभिनंदन करीत आहे. सूचक … अनुमोदक … ठराव सर्वानुमते मंजूर.’

ठरावाची नक्कल मागून घ्यावी, ती परिपाठाच्या वेळी वाचून दाखवावी व शाळेच्या दप्तरी जतन करावी. संघ हरला, पण चांगला खेळला, तरीही असा ठराव करण्यास हरकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. टाळ्या वाजल्या, छायाचित्र निघाले, म्हणजे कार्य झाले, असे गावास वाटू लागते. पुढील वर्षी मुले त्याच खाचखळग्यांच्या जागेत धावतात. मैदानाचे सपाटीकरण, खो-खोचे खांब किंवा प्रथमोपचार पेटी हवी असेल, तर तीस अभिनंदनाचा ठराव पुरत नाही. त्यासाठी काम कोणते, खर्च किती व तो कोणत्या निधीतून, हे सांगणारा दुसरा ठराव लागतो. म्हणून शाळा व्यवस्थापन समितीने ती मागणी आधी मंजूर करून घ्यावी आणि अभिनंदनाच्या दिवशीच, सभा प्रसन्न असताना, ती ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. दोन्ही ठराव मात्र स्वतंत्र लिहावेत. कारण कौतुकाच्या वाक्यात मिसळलेली मागणी कोणाच्याही लक्षात राहत नाही.

पहिल्या ठरावाने मुलांचा मान वाढतो, दुसऱ्याने त्यांना पाय ठेवण्यास जागा मिळते. शिक्षकांनी पहिल्यावर संतुष्ट होऊन दुसऱ्याचा विसर पडू देऊ नये.